प्राथमिक स्पॅनिश : व्याकरण आणि संभाषण यांसाठी कोणता अभ्यासक्रम निवडावा?

मखमलाबादकर (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात निर्यातीची कागदपत्रे पाहते. आमचा सर्वांत मोठा ग्राहक मेक्सिकोतील केरेतारो शहरात आहे. आठवड्यातून दोनदा रात्री आठ वाजता, म्हणजे त्यांच्याकडे सकाळचे साडेआठ वाजलेले असताना, दूरध्वनीवर बैठक होते. आमच्याशी ते इंग्रजीत बोलतात, परंतु मध्येच आपसांत स्पॅनिशमध्ये चर्चा करतात, आणि खरा निर्णय त्या आपसांतल्या बोलण्यातच होऊन जातो.

गेले आठ महिने मी मोबाइलवरील एका ॲपवर रोज वीस मिनिटे अभ्यास करते. शब्द बरेच जमले आहेत, पण वाक्य स्वतः जुळवण्याची वेळ आली की गाडी अडते. मध्यंतरी शहरातल्या एका वर्गातही नाव घातले होते. बारा जणांची तुकडी तीन महिन्यांत चार जणांवर आली, शिक्षक दोनदा बदलले आणि शेवटी वर्गच बंद पडला. उरलेले शुल्क परत मिळाले नाही, ही गोष्ट वेगळी.

गेल्या महिन्यात ‘यंत्र तयार आहे’ असे कळवताना मी ‘ला माकिना एस लिस्ता’ असे लिहिले. पलीकडून उत्तर आले की इतके हुशार यंत्र बनवल्याबद्दल अभिनंदन, आता ते पाठवणार कधी तेवढे सांगा. तिथे ‘एस्ता लिस्ता’ हवे होते. ‘आहे’ म्हणताना गोष्ट कायमची असेल तर ‘सेर’ (ज्याचे रूप ‘एस’) आणि तात्पुरती असेल तर ‘एस्तार’ (ज्याचे रूप ‘एस्ता’) हे क्रियापद, हा नियम मला पाठ होता. परंतु यंत्र एकदा तयार झाले की ते तयारच राहते, असे माझ्या मनाने घेतले आणि तिथेच चूक झाली.

मला विचारायचे आहे ते असे. शनिवार-रविवार पुण्याला जाऊन वर्ग करावा, घरबसल्या ऑनलाइन शिकावे, की एखादा आखीव अभ्यासक्रम घेऊन स्वतःच बसावे? व्याकरण आधी पक्के करावे की संभाषणाला लगेच हात घालावा? आणि परीक्षा देण्याने माझ्यासारखीला काही उपयोग होतो का?

त्रिमूर्तीचौक_सिडको

पुण्याबद्दल अनुभवाने सांगतो. रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारातील पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात स्पॅनिश शिकवले जाते आणि तिथली शिस्त मला चांगली वाटली, परंतु नाशिकहून दर आठवड्याला सिन्नर, संगमनेर, चाकण असा दोनशे किलोमीटरचा प्रवास करून जाणे नोकरदार माणसाला झेपत नाही. मी पाच आठवडे गेलो. सहाव्या आठवड्यात चाकणच्या कोंडीत दीड तास बसून राहिलो आणि तिथेच मनाशी ठरवले की पुरे.

त्यानंतर मी कोलंबियातील एका शिक्षिकेकडे ऑनलाइन शिकू लागलो. बोगोता आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे, त्यामुळे आपल्याकडील संध्याकाळचे साडेसात म्हणजे तिच्याकडील सकाळचे नऊ; दोघांनाही सोयीचे. स्पेनमधील शिक्षक घेतल्यास हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तासांचे अंतर पडते आणि आपल्या रात्री नऊनंतर तिकडची संध्याकाळ सुरू होते. आपले बोलणे मेक्सिकोशी आहे, तेव्हा शिक्षक लॅटिन अमेरिकेतीलच घ्यावा, कारण स्पेनच्या बहुतेक भागांत ज्या अक्षरांचा उच्चार जीभ दातांत धरून ‘थ’च्या जवळपास करतात, त्यांचा तिकडे साधा ‘स’ होतो.

एक सूचना. शिक्षक ठरवण्याआधी त्याला एवढेच विचारावे की एका तासात विद्यार्थी किती मिनिटे बोलतो. उत्तर टाळले गेले तर दुसरा शिक्षक पाहावा.

पंचवटी_कारंजा

मी शाळेत मराठी शिकवत असे आणि निवृत्तीनंतर स्पॅनिशच्या नादाला लागले, त्यामुळे माझे उत्तर थोडे व्याकरणाच्या अंगाने जाईल आणि लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

आपल्या ‘हुशार यंत्रा’चे मूळ माझ्या मते ‘आहे’ या आपल्या एका क्रियापदात आहे. मराठीत ‘आहे’ जी कामे करते, ती स्पॅनिशमध्ये चार क्रियापदांनी वाटून घेतली आहेत. आपल्या कामातलेच उदाहरण घेऊ. ‘ही खोकी लाकडाची आहेत’ यात खोकी काय आहेत ते सांगायचे आहे, म्हणून ‘सोन दे मादेरा’, म्हणजे ‘सेर’. ‘खोकी गोदामात आहेत’ यात ती कुठे आहेत ते सांगायचे आहे, म्हणून ‘एस्तान’. ‘गोदामात तीन खोकी आहेत’ यात तिथे काही आहे एवढेच प्रथम कळवायचे आहे, म्हणून ‘आय त्रेस काहास’, आणि हे ‘आय’ एकासाठीही तसेच, शंभरासाठीही तसेच राहते. ‘आमच्याकडे तीन खोकी आहेत’ यात मालकी आहे, म्हणून ‘तेनेमोस’. पहिले दोन महिने मी एका वहीत रोज मराठीतली ‘आहे’ची दहा वाक्ये लिहून त्यांची या चार खणांत वाटणी करत असे. दुसरे काही केले नाही तरी एवढे अवश्य करावे.

कायमचे आणि तात्पुरते हा नियम अर्धाच खरा आहे. मेलेला माणूस काही परत येत नाही, तरी त्याच्याबद्दल ‘एस्ता मुएर्तो’ असेच म्हणतात. नाशिक आपल्या जागेवरून हलणार नाही, तरी ते ‘एस्ता एन ला इंदिया’. वस्तू मुळात काय आहे ते सांगताना ‘सेर’ आणि ती कोणत्या अवस्थेत किंवा कुठे सापडते ते सांगताना ‘एस्तार’, असे धरले की बहुतेक गाठी सुटतात. ‘लिस्तो’ हा शब्द ‘सेर’बरोबर हुशार आणि ‘एस्तार’बरोबर तयार, तसाच ‘आबुर्रिदो’ हा ‘सेर’बरोबर कंटाळवाणा आणि ‘एस्तार’बरोबर कंटाळलेला. एक अपवाद मात्र आपल्या उपयोगाचा आहे : बैठक किंवा समारंभ कुठे होणार ते सांगताना ‘सेर’ वापरतात. ‘ला रेउनिओन एस एन नाशिक.’

आता मराठी माणसाला जे फुकट मिळते त्याविषयी. बहुतेक पुस्तके इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात आणि त्यांत ‘गुस्तार’ या क्रियापदावर पानेच्या पाने खर्च होतात, कारण ‘मी कॉफी आवडतो’ अशी त्यांची मूळ रचना आणि तिथून त्यांना उलटे फिरावे लागते. आपण मुळातच ‘मला कॉफी आवडते, मला द्राक्षे आवडतात’ असे म्हणतो. स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल काफे, मे गुस्तान लास ऊवास’. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे चालते, तेही आपल्यासारखेच. हा धडा मी अर्ध्या तासात संपवला.

तसेच ‘मी झाड पाहते’ आणि ‘मी सुनेला पाहते’ यांतला ‘ला’. माणूस कर्म असला की आपण प्रत्यय लावतो, निर्जीव वस्तूला बहुधा लावत नाही. स्पॅनिशमध्ये नेमके हेच काम नामाआधी येणारे ‘आ’ करते : ‘वेओ एल आर्बोल’, पण ‘वेओ आ मी नुएरा’. भूतकाळाचेही तसेच. ‘काल घाटावर गेलो’ आणि ‘लहानपणी घाटावर जायचो’ यांतला फरक आपल्याला कोणी शिकवलेला नाही, तो अंगात आहे. स्पॅनिशमध्ये पहिल्यासाठी ‘फुइ’ आणि दुसऱ्यासाठी ‘ईबा’. पुस्तकात या काळांची नावे पाहून घाबरू नये, मनातल्या मनात ‘-यचो’ लावून पाहावे.

स्वतः बसून करायच्या अभ्यासासाठी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या अधिकाऱ्यांसाठी तयार केलेला जुना स्पॅनिश अभ्यासक्रम इंटरनेटवर ध्वनिफितींसह विनामूल्य मिळतो. संवाद अगदी जुन्या वळणाचे आहेत आणि त्यातल्या कचेऱ्यांत टंकलेखन यंत्रे खडखडतात, परंतु एकाच वाक्यातला एक शब्द बदलून ते पंधरा वेळा मोठ्याने म्हणायला लावण्याची त्याची जी पद्धत आहे, तिने माझी जीभ वळली. धडा नुसता वाचू नये. ध्वनिफीत थांबवून उत्तर मोठ्याने द्यावे. घरच्यांना आपण वेडे झालो असे वाटते, तेवढे सोसावे लागते.

कॉलेजरोड_बी२

वरील उत्तर मला आवडले, तरीही एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. मराठीचा हात धरून स्पॅनिशमध्ये शिरणे सुरुवातीला सुखाचे असते, पण तो हात वेळेवर सोडला नाही तर पुढे त्रास होतो. ‘मला भूक लागली आहे’, ‘मला ताप आहे’ ही वाक्ये ‘मला आवडते’च्या चालीवर बसवायला गेले की सगळे फसते, कारण तिथे ‘तेन्गो आम्ब्रे’, ‘तेन्गो फिएब्रे’, म्हणजे ‘माझ्याजवळ भूक आहे’ अशी रचना लागते. वयही असेच जवळ बाळगायचे असते.

भूतकाळात आपली सवय आणखीच आड येते. ‘मी पत्र लिहिले, मी पत्रे लिहिली’ असे आपले क्रियापद पत्राच्या मागे जाते, तर स्पॅनिशमध्ये पत्र एक असो वा दहा, ‘एस्क्रिबी’ हे ‘मी’लाच धरून राहते. लिंगाचेही पाहा. आपली तीन लिंगे तिथे दोनच होतात, आणि आपले नपुंसकलिंगी ‘यंत्र’ तिथे स्त्रीलिंगी ‘ला माकिना’ होते, तर ‘पुस्तक’ पुल्लिंगी ‘एल लिब्रो’. ‘प्रोब्लेमा’ आणि ‘मापा’ आकारान्त असून पुल्लिंगी, ‘मानो’ म्हणजे हात ओकारान्त असून स्त्रीलिंगी. म्हणून शब्द कधीही एकटा पाठ करू नये, ‘एल’ किंवा ‘ला’ यांच्यासह करावा.

परीक्षेविषयी विचारले आहे. युरोपीय परिषदेने २००१ साली भाषाज्ञानाच्या ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या ठरवून दिल्या. चांगला आखीव अभ्यासक्रम याच पायऱ्यांवर बेतलेला असतो आणि कोणत्या पायरीवर काय जमायला हवे हे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. जिथे ते सांगता येत नाही, तो अभ्यासक्रम घेऊ नये. स्पेनच्या इन्स्तितुतो सेर्वान्तेस या संस्थेचे केंद्र दिल्लीत आहे आणि तिच्या ‘देले’ परीक्षा याच पायऱ्यांच्या असतात. प्राथमिक पायरीवर वाचन आणि लेखन यांचा एक गट, श्रवण आणि संभाषण यांचा दुसरा. प्रत्येक गटाला ५० गुण आणि प्रत्येकात किमान ३० मिळवावेच लागतात, म्हणजे उत्तम वाचणाऱ्याला बोलण्यातली कसर वाचनाच्या गुणांनी भरून काढता येत नाही. ही अट मला परीक्षेपेक्षाही मोलाची वाटते, कारण अभ्यास कसा वाटून घ्यावा हे ती परस्पर ठरवून टाकते. प्रमाणपत्राला मुदत नाही. आपल्याला नोकरीत ते कोणी मागत नसेल, तर शुल्क भरण्याची घाई करू नये; मात्र संस्थेने खुल्या ठेवलेल्या नमुना प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात.

व्याकरण आधी की संभाषण, या वादात मी पडणार नाही. दोन्ही एकाच आठवड्यात व्हायला हवीत : मंगळवारी जो नियम शिकलात, तो गुरुवारी कोणाशी तरी बोलताना वापरला गेला नाही, तर रविवारपर्यंत तो उडून जातो.

मखमलाबादकर

सर्वांचे मनापासून आभार. वहीत चार खण आखले आहेत आणि काल रात्री ‘आहे’ची दहा वाक्ये लिहिली, त्यांतली तीन चुकली. बोगोताच्या वेळेची कल्पना मला सोयीची वाटते, कारण बैठकीच्या रात्री सोडून उरलेले दिवस मोकळे असतात.

एक उपप्रश्न उरतो. मेक्सिकोतील ग्राहकाशी बोलताना ‘तू’ म्हणावे की आदराचे ‘उस्तेद’? त्यांच्यातील एक गृहस्थ वयाने बरेच मोठे आहेत, दुसरा तरुण माझ्याहून लहान आहे. आणि केरेतारो या नावाचा माझा उच्चार त्यांना प्रत्येक वेळी दुरुस्त करावा लागतो, तो का?

पंचवटी_कारंजा

मोठ्या गृहस्थांना ‘उस्तेद’च म्हणावे आणि तरुणालाही सुरुवातीला तेच, तो स्वतः ‘तू’वर आला की आपणही यावे. ‘उस्तेद’ हा शब्द ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या आदरवाचक संबोधनातून झिजून झाला आहे, म्हणूनच त्याच्याबरोबर क्रियापद तृतीय पुरुषाचे येते. ‘साहेबांनी बसावे’ हे जसे समोरच्या साहेबांनाच म्हणतात, तसेच काहीसे. अनेकांना उद्देशून मेक्सिकोत ‘उस्तेदेस’ एवढेच म्हणतात, तेव्हा स्पेनमधले ‘वोसोत्रोस’ आणि त्याची क्रियापदांची रूपे आपण निश्चिंतपणे वगळावीत; अभ्यासाचा बराच भार कमी होईल. ऐकू आले नाही तर ‘के?’ असे तुटक न विचारता ‘मांदे?’ म्हणावे, तिकडच्या कानांना ते नम्र वाटते. आणि त्यांनी माल ‘आओरिता’ पाहतो असे सांगितले, तर ते आपल्या ‘आलोच’सारखे समजावे आणि आपले काम सुरू ठेवावे.

उच्चाराचा प्रश्न आघाताचा आहे. शब्दाच्या शेवटी स्वर, ‘न’ किंवा ‘स’ असेल तर आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो, अन्यथा शेवटच्या. आणि या नियमाबाहेर जायचे असेल तेव्हा त्या स्वराच्या डोक्यावर तिरकी रेघ देतात. केरेतारो लिहिताना ती रेघ ‘रे’वर असते. आपण ‘ता’ लांबवतो, तिथे त्यांचा कान अडतो. क्रियापदांत याच रेघेने अर्थ बदलतो : ‘आब्लो’तल्या ‘आ’वर जोर दिला तर ‘मी बोलते’, ‘ब्लो’वर दिला तर ‘तो बोलला’. मराठीत जोर बदलल्याने अर्थ बदलत नाही, म्हणून ही रेघ आपल्या नजरेतून निसटते. वहीत ती लाल शाईने काढत जावी.