गोल्फमध्ये ग्रीनजवळचा चिप (छोटा फटका) वारंवार का फसतो?

प्रश्न: ग्रीनच्या (छिद्राभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) कडेपासून दहा-बारा पावलांवरून मारताना माझा क्लब (गोल्फची काठी) कधी चेंडूआधीच जमिनीत रुततो, तर कधी पात्याची धार चेंडूच्या मध्यावर लागून तो थेट पलीकडे जातो. पावसाळ्यात हे अधिकच होते. ५६ अंशांचा सँड वेज (चेंडू उंच उडवणारा, जास्त तिरप्या पात्याचा क्लब) बदलावा का?

उत्तर १: घाई करू नये. चेंडू उचलण्याच्या प्रयत्नात वजन मागच्या पायावर जाते आणि दोन्ही चुका बहुधा तिथूनच होतात. वजन शेवटपर्यंत पुढच्या पायावर असावे.

उत्तर २: सहमत. मात्र मध्ये बंकर (वाळूचा खड्डा) नसेल, तर वेज हवाच कशाला? ८ नंबरच्या आयर्नने (कमी तिरप्या पात्याच्या क्लबने) चेंडू ग्रीनच्या थोडा आत टाकून उरलेले अंतर घरंगळू द्यावे.

उत्तर ३: ओल्या मातीत हात फार पुढे झुकवल्यास वेजच्या तळाचा बाउन्स (पाते रुतू न देता जमिनीवरून सरकवणारा फुगीर भाग) निकामी होऊन पुढची धार रुतते, हेही तपासावे.