कोकणात माणसं कमी झाली तर बिघडलं कुठे?

सड्यावरचा: शिमग्याला गावी जाऊन आलो. दरवर्षीचं तेच पुराण, घरांना कुलपं, वाड्या ओस वगैरे. मला खरंच कळत नाही एवढा गळा काढायचं कारण काय. रत्नागिरी जिल्हा २००१ ला १६ लाख ९६ हजार होता, २०११ ला १६ लाख १५ हजार, सिंधुदुर्गही थोडा घटला. मग? घनता चौरस किलोमीटरला १९७, मुंबई उपनगरात तीच २० हजाराच्या वर. निम्मा सडा (डोंगरावरचं उघडं पठार) कातळ, मे महिन्यात टँकर, त्या भातावर किती पोटं भरणार होती? पोरं मुंबईला गेली म्हणून मागचे तगले. मनीऑर्डरवर उभा राहिलेला जिल्हा आहे हा, उगाच इमोशनल होऊ नका.

वाडीतली सूनबाई: तगलेले म्हणजे आम्हीच ना भाऊ, मग आम्हाला विचारा की. २०११ लाच हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या रत्नागिरीत, ते काय मुलींचं कौतुक म्हणून नाही, कमावते पुरुष बाहेर म्हणून. आमच्या वाडीत शाळेचा पट ६, वस्तीची एसटी बंद झाली, आणि मयत झालं तर खांद्याला चार माणसं मिळावीत म्हणून शेजारच्या वाडीत फोन करावा लागतो. तुमचं १९७ यात कुठे बसतं सांगा.

दिवा जंक्शन: गेलेली माणसं बघायची असतील तर सकाळी ७ ला आमच्या फलाटावर या 😄 ठाणे जिल्हा (तेव्हा पालघर धरून) १० वर्षांत ८१ लाखावरून १ कोटी १० लाख. सगळे कोकणातले नाहीत, देशभरातून आलेत. पण गंमत बघा, मुंबई शहर जिल्हाही त्याच काळात ३३ लाखांवरून ३१ वर आला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाळीतली खोली विकून माणूस बदलापूरला. लालबाग ओस पडलं म्हणून कोणी रडलं का? सड्यावरच्यांशी मी सहमत.

गडचिरोलीकर: १९७ ला विरळ म्हणताय, आमच्याकडे ७४ आहे, बहुतेक सगळं जंगल. प्रश्न माणसं किती हा नाहीच, सोयी डोकी मोजून देतात हा आहे. डोंगरी-आदिवासी भागात २० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष. आमच्या घनतेने २० हजार माणसं म्हणजे २७० चौरस किलोमीटर झाले, पावसाळ्यात मध्ये दोन नाले, बाळंतीण नेऊन दाखवा.

सड्यावरचा: हे मान्य, पटाचंही मान्य. पण मग निकष बदला ना, माणसं परत आणून काय होणार आहे? आणि मोजणी तरी कधीची, २०११ ची फेब्रुवारीतली. तेव्हा आमच्या घरी २ माणसं सापडतात आणि गणपतीत १९. आंब्याच्या बागेतले नेपाळी गुरखे मात्र फेब्रुवारीत हजर असतात, ते मोजले जाणार आणि चाकरमानी नाही.

वाडीतली सूनबाई: निकष बदलणार कोण? त्यासाठी वर कोणीतरी बोलणारा लागतो. २००१ च्या आकड्यांवर मतदारसंघ नव्याने आखले आणि २००९ पासून रत्नागिरी आणि राजापूर या दोन लोकसभा जागांची एक झाली, दापोली-गुहागर रायगड मतदारसंघात टाकलं. माणूस गेला की त्याच्यामागून आवाजही जातो, मनीऑर्डर येते ती फक्त घरापुरती.

दिवा जंक्शन: बरं ते गणपतीतले १९, त्यातली किती नावं गावच्या मतदार यादीत आहेत?

सड्यावरचा: ४. माझं नाही.