शरीर स्वतःची दुरुस्ती करतं, मग माणसाला मरावं का लागतं?

चौकस

जखम भरते, मोडलेलं हाड सांधतं. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, रक्तातल्या तांबड्या पेशी १२० दिवसांत बदलतात. इतकी चोख व्यवस्था असताना ती ८०-९० वर्षांत हात का टेकते?

तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. पेशीत मरणाचं घड्याळ असतं का? 'पुढच्या पिढीला जागा व्हावी म्हणून निसर्गाने मरण ठेवलं' हे कितपत खरं? आणि शेवटी नेमकं काय बंद पडतं?

आत्मा, कर्म, पुनर्जन्म यांवर भरपूर धागे आहेत. इथे कृपया फक्त शरीराबद्दल बोलू.

पेशीपुराण

घड्याळ आहे, पण ते मरणाचं नाही. १९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं की काचपात्रात वाढवलेल्या माणसाच्या पेशी साधारण ५० वेळा विभागतात आणि थांबतात. मध्येच गोठवून ठेवल्या आणि पुन्हा उबेला आणल्या, तरी मोजणी राहिली होती तिथूनच पुढे चालू होते. याचं कारण गुणसूत्राच्या टोकाचा टेलोमेर. डीएनएची नक्कल करणाऱ्या यंत्रणेला अगदी शेवटचा तुकडा उतरवता येत नाही, म्हणून दर विभाजनाला टोक थोडं झिजतं. फार आखूड झालं की पेशीला तो तुटलेला डीएनए वाटतो आणि ती विभाजन कायमचं बंद करते.

'टेलोमेर वाढवा, तरुण राहा' अशा गोळ्या विकणारे दोन गोष्टी सांगत नाहीत. प्रयोगशाळेतल्या उंदरांचे टेलोमेर माणसापेक्षा कितीतरी लांब असतात, तरी उंदीर दोन-तीन वर्षांत आटोपतो. आणि टेलोमेर पुन्हा लांबवणारं टेलोमरेज हे विकर (एन्झाइम) ८५ ते ९० टक्के कर्करोगांत चालू असतं. ही मर्यादा मुख्यतः गाठींना घातलेला लगाम आहे. तो सैल सोडायचा म्हणजे काय, याचा विचार करूनच गोळी घ्यावी.

तुम्ही उदाहरणं दिलीत ती सगळी बदलता येणाऱ्या भागांची. घोडं अडतं ते न बदलणाऱ्या भागांपाशी. १९५०-६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढला होता. पेशीच्या डीएनएमध्ये तो किती आहे यावरून पेशीचं जन्मवर्ष काढता येतं. २००९ मध्ये या पद्धतीने हृदयाचे स्नायू तपासले, तेव्हा २५ व्या वर्षी वर्षाला सुमारे १ टक्का पेशी बदलतात आणि ७५ व्या वर्षी अर्ध्या टक्क्याहूनही कमी, असं निघालं. म्हणजे जन्मभरात निम्मं हृदयसुद्धा नवं होत नाही.

महाधमनीचं, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचं, तर त्याहून अवघड. तिला लवचीकपणा देणारं इलॅस्टिन बहुतेक सगळं लहानपणीच तयार होतं, पुढे जवळपास नाहीच. मिनिटाला ७० ठोके धरले तर ८० वर्षांत सुमारे २९४ कोटी वेळा ते ताणलं जातं. धागे तुटतात, त्यांच्या जागी ताठ कोलॅजन येतं, वरचा रक्तदाब चढतो आणि खालचा उतरतो. त्या ताठ नळीविरुद्ध हृदयाला जास्त जोर लावावा लागतो आणि मेंदू-मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांना दर ठोक्याला जास्त मार बसतो. इथे कोणतीही एक पेशी 'बिघडलेली' नसते.

उत्क्रांतीवेडा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. 'जागा करून देणे' ही कल्पना १८८० च्या दशकात ऑगस्ट वाइझमान यांनी मांडली होती. ती दोन ठिकाणी फसते. रानात म्हातारं व्हायच्या आधीच बहुतेक प्राणी भूक, रोगराई किंवा शिकाऱ्यामुळे जातात, त्यामुळे जागा आपोआप होत असते. शिवाय एखाद्यात 'मी वेळेवर मरणार नाही' असा बदल झालाच, तर त्याची पिल्लं जास्त होतील आणि तोच बदल पसरेल.

खरं उत्तर पीटर मेडावर यांनी १९५१ च्या व्याख्यानात दिलं. हिशोब करून पाहा. अजिबात म्हातारे न होणारे १००० जीव घ्या. दरवर्षी ५ टक्के अपघाताने जातात. २० व्या वर्षी ३५८ उरतील, ५० व्या वर्षी ७७, ८० व्या वर्षी १६-१७. आता एखादं जनुक ८० व्या वर्षी मारत असेल, तर ते नैसर्गिक निवडीने गाळलं जाणार कसं? त्याचा फटका बसायला माणसंच उरलेली नाहीत, आणि जी आहेत त्यांची मुलं कधीच जन्मलेली आहेत. हंटिंग्टनचा रोग, म्हणजे मेंदूचा एक आनुवंशिक विकार, साधारण तिशी-चाळिशीत सुरू होतो. तोवर ते जनुक पुढच्या पिढीत गेलेलं असतं.

१९५७ मध्ये जॉर्ज विल्यम्स यांनी पुढचं पाऊल टाकलं: तरुणपणी फायद्याचं जनुक म्हातारपणी घातक असलं तरी निवड त्याच्याच बाजूने उभी राहते. वर सांगितलेलं विभाजन थांबवणं हे त्याचंच उदाहरण. पंचविशीत ते कर्करोग रोखतं. सत्तरीत त्याच थांबलेल्या पेशी साचून आजूबाजूला सूज आणणारी रसायनं सोडत बसतात. आणि १९७७ मध्ये टॉम किर्कवुड यांनी खर्चाची बाजू मांडली. शरीराकडे ऊर्जा मोजकी आहे. ती दुरुस्तीवर घालवायची की संततीवर? जितकी वर्षं जगण्याची शक्यता, तितकीच दुरुस्ती परवडते.

याची पडताळणीही झाली आहे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याजवळच्या सापेलो बेटावर शिकारी प्राणी कमी आहेत. तिथले ओपॉसम (पिल्लांना पोटाच्या पिशवीत वाढवणारे छोटे प्राणी) मुख्य भूमीवरच्या भाईबंदांपेक्षा सावकाश म्हातारे होतात, असं स्टीव्हन ऑस्टॅड यांनी १९९३ मध्ये दाखवलं. शेपटीतल्या कोलॅजनचं वय मोजलं तरी तेच. उडता येणाऱ्या, म्हणजे सहजी न सापडणाऱ्या वटवाघळांतही हेच दिसतं: ७ ग्रॅमच्या ब्रँट वटवाघळाची नोंद ४१ वर्षांची आहे.

आकडेमोड्या

वरच्या प्रतिसादांना +१. फक्त एक आकडा घालतो, कारण त्याशिवाय 'अमुक रोगावर औषध निघालं की माणूस १५० वर्षं जगेल' ही चर्चा संपत नाही.

१८२५ मध्ये बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी दाखवलं की मोठ्या माणसाचा वर्षभरात मरण्याचा धोका ठरावीक काळाने दुप्पट होतो. माणसांत हा काळ सुमारे ८ वर्षांचा. तिशीत धोका हजारात १ धरा. ३८ ला २, ४६ ला ४, ५४ ला ८, ६२ ला १६, ७० ला ३२, ७८ ला ६४, ८६ ला १२८, ९४ ला २५६, १०२ ला ५१२. म्हणजे शंभरीनंतर दरवर्षी जवळपास छापा-काटा. सलग दहा वर्षं छापा पडण्याची शक्यता १०२४ मध्ये १. सर्वाधिक जगल्याची नोंद असलेल्या फ्रान्सच्या झान कालमाँ १२२ वर्षं १६४ दिवस जगून १९९७ मध्ये गेल्या. त्यानंतर कुणीही तिथवर पोहोचलेलं नाही, ते यामुळेच.

आता उलटं करा. सर्व वयांत, सर्व कारणांनी होणारा मृत्यूचा धोका निम्मा करणारं औषध निघालं असं समजा. मिळतील किती वर्षं? आठ. कर्करोग पूर्ण नाहीसा केला तर सरासरी आयुष्यात तीन-चार वर्षांचीच भर पडते. कारण वाचलेला माणूस त्याच वयाचा असतो आणि हृदय, मेंदू, फुप्फुसं रांगेत उभीच असतात. आयुष्य खरोखर लांबवायचं तर दुप्पट होण्याचा तो काळच वाढवावा लागेल.

आणि वय वाढणं पूर्ण थांबवलं, धोका कायम हजारात १ ठेवला, तरी निम्मे लोक ६९३ वर्षांत जातील. अपघात सुटत नाही.

अतिदक्ष

तिसरा प्रश्न. 'म्हातारपणाने गेले' म्हणतात तेव्हा शरीरात बहुतेक वेळा एक साखळी असते. मूत्रपिंडाची गाळणक्षमता तरुणपणी मिनिटाला १२० मिलिलिटरच्या आसपास, चाळिशीनंतर वर्षाला साधारण १ मिलिलिटरने कमी होते. रोजच्या जगण्यात हे कळतही नाही, कारण राखीव भरपूर असते. मग पंच्याऐंशीव्या वर्षी न्यूमोनिया होतो. ऑक्सिजन कमी, पाणी कमी, रक्तदाब खाली. मूत्रपिंड मागे पडतं, रक्तात पोटॅशियम आणि आम्ल वाढतं, त्याने हृदयाची लय बिघडते. तिशीतला माणूस याच न्यूमोनियातून उठतो, कारण प्रत्येक कडीपाशी त्याच्याकडे शिल्लक असते.

पण कारण कोणतंही असो, शेवटची वाट एकच: मेंदूला ऑक्सिजन न मिळणं. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, ऑक्सिजन खातो सुमारे २० टक्के, आणि साठा जवळजवळ शून्य. हृदय थांबलं की दहाएक सेकंदांत शुद्ध जाते, अर्ध्या मिनिटात मेंदूचा विद्युत आलेख सपाट होतो. काही मिनिटांत एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, संपतं. मग ३ सोडियम बाहेर आणि २ पोटॅशियम आत नेणारा पेशीच्या पडद्यातला पंप थांबतो. सोडियमपाठोपाठ पाणी आत शिरतं, पेशी फुगते. ग्लुटामेट हे चेतापेशींचं संदेशवाहक रसायन बाहेर सांडतं, त्यामुळे कॅल्शियम आत घुसतं आणि पेशीची स्वतःचीच विकरं तिला आतून कुरतडायला लागतात. नेहमीच्या तापमानाला ४ ते ६ मिनिटांनंतरचं नुकसान बहुधा भरून येत नाही. छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देणं हे त्यासाठीच; त्यातून नेहमीच्या पाव-तिसऱ्या हिश्श्याइतकाच प्रवाह मिळतो, पण तेवढ्याने पंप तग धरू शकतात.

थंडीत हे सगळं मंदावतं. शरीर १८ ते २० अंशांवर आणून रक्ताभिसरण २०-३० मिनिटं थांबवून महाधमनीच्या शस्त्रक्रिया होतात. म्हणून गोठलेल्या माणसाला आधी ऊब देतात आणि मगच 'गेला' म्हणतात.

सगळं एकदम मरतही नाही. बाहेर काढलेलं हृदय बर्फावर ४ ते ६ तास टिकतं, मूत्रपिंड २४ तासांच्या पुढेही, डोळ्याचा पारपटल (कॉर्निया) योग्य द्रावात कित्येक दिवस.

चौकस

सगळ्यांचे आभार. एक उपप्रश्न: हायड्रा हा गोड्या पाण्यातला चिमुकला जीव म्हातारा होत नाही म्हणतात. त्याला परवडतं ते आपल्याला का नाही?

पेशीपुराण

हायड्राचं सगळं अंग मूळ पेशींतून सतत नवं होतं. डॅनियल मार्टिनेझ यांनी १९९८ मध्ये चार वर्षांच्या निरीक्षणावरून लिहिलं की मृत्युदर वाढताना दिसत नाही. त्याला ते जमतं, कारण त्याच्याकडे जपून ठेवावं असं जुनं काही नाही. चेतापेशींचं विरळ जाळं आहे, मेंदू नाही. आपल्या आठवणी आणि कौशल्यं चेतापेशींच्या आपापसातल्या जोडण्यांत असतात. त्या पेशी हायड्रासारख्या काही आठवड्यांत बदलल्या, तर शरीर टिकेल, पण काल शिकलेलं आज उरणार नाही. पायाच्या हाडाची किंवा यकृताची गोष्ट वेगळी. तिथे नव्या पेशींचा उपाय वापरता येईल. मेंदू आणि महाधमनी या दोन ठिकाणी तो कसा लागू करायचा, हे अजून कुणाला जमलेलं नाही.