राजीनाम्याआधी नेमकं काय उरकून घ्यावं?

अर्धविराम:
नोकरीत काम बॅकएंडचं, म्हणजे सर्व्हरच्या बाजूचा कोड लिहिण्याचं. दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर फावल्या वेळात लिहून होत आलंय. गाठीशी आठ महिन्यांचा घरखर्च आहे, पैसे देणारं गिऱ्हाईक अजून एकही नाही. आधी राजीनामा की आधी गिऱ्हाईक? आणि नोकरीत असताना लिहिलेल्या कोडवर कंपनी हक्क सांगू शकते का?

पोटनियम:
दुसरा प्रश्न आधी, कारण तिथे गडबड असेल तर पहिल्याला अर्थच नाही. नेमणुकीच्या करारातलं बौद्धिक संपदेचं कलम वाचा. 'नोकरीच्या काळात केलेलं सर्व काम' असं लिहिलं असेल, तर घरी लिहिलेला कोडही त्यात ओढला जाऊ शकतो. जोडधंद्यावरच्या बंदीचं कलम बहुधा वेगळं असतं, तेही बघा. मग गिट लॉग, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंदवही, काढा. ऑफिसच्या लॅपटॉपवरून एखादा कमिट (नोंदवलेला बदल) गेला असेल, तर तिथे ऑफिसचा ईमेल पत्ता सापडू शकतो. सापडला तर इतिहास पुसत बसू नका, ती लपवाछपवी दिसते. वकिलाला दाखवा, कंपनीकडून लेखी ना-हरकत घ्या. लायब्ररींचे, म्हणजे वापरलेल्या तयार कोडचे, परवानेही आत्ताच तपासा: जीपीएल या मुक्त परवान्याचा कोड स्वतःच्या सर्व्हरवर चालवायला हरकत नाही, पण त्याच्याच कडक भावंडाचा, एजीपीएलचा कोड बदलून नेटवर्कवरून सेवा दिलीत तर वापरणाऱ्यांना सोर्स द्यावा लागतो.

जमाखर्च:
आधी गिऱ्हाईक. डेमो, डॉक्टरांचा होकार, जुन्या नोंदी आत घेणं यात दोन-तीन महिने सहज जातात, म्हणजे तुमचे आठ महिने प्रत्यक्षात पाचच.

नवं फीचर लिहिणं आज थांबवा आणि चार-पाच दवाखान्यांत रिसेप्शनपाशी बसून बघा. फोन आला की वहीत काय लिहितात? डॉक्टरांना ४० मिनिटं उशीर झाला की पुढच्या वेळा कोण सरकवतं? वेळ न घेता आलेला पेशंट मध्ये कुठे बसवतात? १५-१५ मिनिटांचे चौकोन आखलेलं सॉफ्टवेअर इथेच आपटतं, आणि दोन दिवसांत पुन्हा वही उघडते.

"हे घ्याल का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ मागा, खरं उत्तर तेव्हा कळतं. फुकट ट्रायलवाले हिशेबात धरू नका. सोडून जाणाऱ्या गिऱ्हाइकांची गळतीही मोजा: महिन्याला ५ टक्के ऐकायला किरकोळ वाटते, पण १०० गिऱ्हाइकांतली वर्षअखेर ५४च उरतात.

अर्धविराम:
तोवर फ्रीलान्सिंगवर खर्च भागवला तर?

जमाखर्च:
चालेल, पण पगाराला २०८० तासांनी (५२ आठवडे, ४० तास) भागून दर ठरवू नका. सुट्ट्या, कोटेशनं, बिलांमागे लागणं वजा केलं की बिल लावण्याजोगे १०००-१२०० तास हाती राहतात. म्हणजे दर जवळपास दुप्पट हवा. आठवड्यातले तीनच दिवस विका, नाहीतर सॉफ्टवेअर तसंच पडून राहील.

पोटनियम:
आणि फ्रीलान्सिंगच्या करारात 'कोडची मालकी शेवटचं पेमेंट जमा झाल्यावरच' ही ओळ घाला. आगाऊ रक्कम आल्याशिवाय रेपो (कोडचा साठा) उघडू नका.