महिना 19 हजारांत पाच जणांचे घर (कोल्हापूर) : आधी कुठे हात घालावा?

फॉलपिको
नमस्कार. आम्ही शिवाजी पेठेत दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहतो. घरात मी, यजमान, सासूबाई, आठवीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा अशी पाच माणसे आहेत. यजमान शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मोल्डिंगला आहेत आणि कपात जाऊन त्यांच्या हातात 16,800 रुपये पडतात. मी घरी फॉल-पिको करते, ब्लाउज शिवते. त्याचे सरासरी अडीच हजार धरते, जरी लग्नसराईत ते वाढतात आणि आषाढात मशीन नुसते झाकून असते.

खर्च असा आहे : भाडे 4,000, किराणा 5,000, दूध 1,800, भाजी 1,500, गॅस 900, लाइट 800, सासूबाईंच्या साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या 1,300, यजमानांचे पेट्रोल 1,400, महिला गटाच्या कर्जाचा हप्ता 2,150, मुलीची शिकवणी 1,000 आणि मोबाइलचे 450. बेरीज 20,300 होते, म्हणजे दर महिन्याला हजार रुपये कमी पडतात. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार जमा झाले की तेवढी तूट भरून निघते, त्यामुळे वरवर पाहता घर चालते. पण जूनमध्ये वह्या, दप्तरे आणि छत्र्या आल्या आणि पाठोपाठ गणपती आले की दुकानाच्या खात्यावर उधारी चढते, ती पुन्हा उतरत नाही. आज ती 7,200 आहे. रेशनकार्ड केशरी आहे, त्यावर धान्य मिळत नाही.

बाहेरचे खाणे बंद करा, असा सल्ला कृपया कोणी देऊ नये. आमचे शेवटचे बाहेरचे खाणे म्हणजे मे महिन्यात रंकाळ्यावर पाच जणांत घेतलेल्या दोन भेळी. नेमके आधी कुठे पाहावे, एवढेच हवे आहे.

जुना हिशेबनीस
ताई, मी एका पतसंस्थेत बत्तीस वर्षे खतावणी लिहिली आहे, त्यामुळे तुमचा हिशेब वाचताना आधी त्यात काय लिहिलेले नाही तेच शोधले. जून, गणपती, दिवाळी, वर्षाची चटणी, सासूबाईंच्या रक्ततपासण्या आणि एखाद्या जवळच्या लग्नातला आहेर हे तुमच्या यादीत कुठेच नाहीत, कारण ते दर महिन्याला येत नाहीत. ते येणार हे मात्र तुम्हाला जानेवारीतच ठाऊक असते. एका वहीत गेल्या वर्षीचे असे खर्च आठवतील तसे लिहा आणि बाराने भागा. माझा अंदाज आहे की महिन्याला हजार ते दीड हजारांच्या दरम्यान आकडा निघेल. ही तुमची न दिसणारी तूट आहे आणि दुकानाची उधारी तिचीच आहे, तेलामिठाची नाही.

म्हणून लाडकी बहीणचे दीड हजार महिन्याच्या खर्चात अजिबात धरू नका. ते ज्या खात्यात जमा होतात तिथेच राहू द्या आणि फक्त वरच्या यादीसाठी काढा. मग महिन्याची हजाराची तूट उघडी पडेल, ती दुसरीकडून भरावी लागेल, हे मला मान्य आहे. पण निदान दोन वेगळे रोग एकाच औषधाखाली झाकले जाणार नाहीत.

दुसरे, गटाच्या कर्जाचे किती हप्ते उरले आहेत? शेवटचे दोन हप्ते राहिले की अधिकारी नवे, थोडे मोठे कर्ज घ्या म्हणून दारात येतो आणि शेजारणी घेतात म्हणून आपणही घेतो. तेव्हा व्याज सरळ पद्धतीचे आहे की घटत्या शिल्लकेवरचे, हे जरूर विचारा. बारा महिन्यांच्या हप्त्यांवर 12 टक्के सरळ व्याज म्हटले की प्रत्यक्षात ते साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जाते, कारण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या रकमेवर मोजलेले असते.

भट्टीवरचा
वहिनी, मी स्वतः फाउंड्रीत आहे. तुमच्या यादीतला गोळ्यांचा 1,300 चा आकडा पाहून थांबलो. यजमानांची पगाराची स्लिप काढून त्यावर ईएसआयसीची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, कपात आहे का ते पाहा. महिन्याचे वेतन 21,000 पर्यंत असलेला कामगार, कारखाना या कायद्याखाली येत असेल तर, त्यात असतोच. त्याच्या वेतनातून पाऊण टक्का जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. म्हणजे दर महिन्याला सव्वाशेच्या आसपास रुपये तुम्ही आधीच भरत आहात आणि औषध मात्र रोख विकत आणत आहात.

बहुतेक जणांना वाटते की हे कार्ड फक्त कामावर अपघात झाला तर चालते. तसे नाही. बायको-मुलांबरोबर कामगाराच्या आईवडिलांनाही त्यात औषधोपचार मिळतात, त्यांचे स्वतःचे उत्पन्न महिना 9,000 च्या आत असले पाहिजे एवढेच. पण त्यासाठी कुटुंबाच्या तपशिलात आईचे नाव चढवलेले असावे लागते आणि नेमकी तिथेच गाडी अडते, कारण कामावर लागताना अविवाहित पोरगा घाईत फॉर्म भरतो आणि पुढे कोणी तो उघडून पाहत नाही. माझ्या बाबतीत हेच झाले होते. आईच्या गोळ्यांवर चार वर्षे पैसे घातले आणि नाव चढवायला लागली एक सकाळ. टाइम ऑफिसात विचारा, आधार कार्ड बरोबर न्या.

दवाखान्यात रांग असते आणि कधी एखादी गोळी शिल्लक नसते. तेवढ्यापुरते जनऔषधी केंद्र गाठावे. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या तिथे ब्रँडच्या तुलनेत बऱ्याच स्वस्त मिळतात. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव मात्र लिहून घ्या.

मंगळवार पेठेतल्या काकू
अगं, पाच माणसांना किराणा पाच हजार म्हणजे तू उधळत नाहीस, ते आधी सांगते. तरीही खात्यावर घेतलेल्या किराण्यात एक खोट असते. भाव विचारायला तोंड उघडत नाही आणि पोरगे चिठ्ठी घेऊन जाते ते पाच रुपयांच्या चार पुड्या जास्तच घेऊन येते.

तेलाचे सांगते. माझ्या सासूबाई महिन्याचे तेल किटलीत ओतून किटलीला बाहेरून चार दोरे बांधायच्या, एक दोरा एका आठवड्याचा. तेल दोऱ्याखाली गेले की उरलेल्या दिवसांत पिठले, आमटी, उकडलेली कडधान्ये, तळण नाही. आम्ही सुना हसायचो. आता माझ्याही बरणीला दोरे आहेत.

वर्षाची चटणी तू विकत घेतेस की करतेस ते लिहिलेले नाहीस. तयार पाकिटे घेत असशील तर ते पहिल्यांदा थांबव. मार्च-एप्रिलात मिरची घेऊन, उन्हात वाळवून, कांदा-लसूण-खोबरे भाजून कांडपावर नेली की वर्षाला पुरते आणि भाजी नसली तरी भाकरीबरोबर चटणी-तेलावर एक जेवण निघते. तांदूळ, गूळ, तूरडाळही हंगामात एकदम भरावी.

आणि मटणाचे कोणी विचारले नाही तरी सांगते, कारण कोल्हापुरात रविवार काढून टाका म्हणणारा माणूस टिकत नाही. पंधरा दिवसांतून एकदा अर्धा किलो आण, हाडे जास्त घे, अळणी पाण्याचा पांढरा रस्सा कर आणि तांबड्यात बटाटा घाल. पोरांना रस्सा लागतो, फोडी मोजायला ती बसत नाहीत. मधल्या रविवारी अंडी नाहीतर अख्खा मसूर.

एकखणी
काकूंबद्दल आदर राखून मला एक अडचण मांडायची आहे. हंगामात एकदम भरण्याचा सल्ला बरोबर असला तरी तो माळा असलेल्या आणि हातात एकरकमी पैसा असलेल्या घरासाठी आहे. आम्ही एका वर्षी उसने घेऊन पन्नास किलो तांदूळ भरला. खोलीच्या भिंतीला ओल होती, श्रावणात तांदळात पोरकिडे झाले आणि उसनवारी दिवाळीपर्यंत फेडत होतो. प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी वर्षाचे फक्त चटणीचे करावे, तेही शेजारणीबरोबर निम्मे-निम्मे. बाकीचे पंधरा दिवसांपुरते आणावे.

आमच्या घरात फरक पडला तो दुकान बदलल्याने. रविवारी लक्ष्मीपुरीत बाजार भरतो. मी रोख पैसे घेऊन जाते, पंधरा दिवसांचे धान्य आणि कडधान्य तिथून घेते आणि अंधार पडायच्या सुमारास भाजीकडे वळते, तेव्हा विक्रेते उरलेला माल वाट्यावर काढतात. रोख नेले की पिशवीपेक्षा पाकीट आधी रिकामे होते आणि आपोआप थांबावे लागते. जुन्या दुकानदाराला मी स्पष्ट सांगितले की आजपासून खात्यावर एक रुपया चढवायचा नाही आणि जुनी बाकी दर महिन्याला ठरलेली देईन. ताईंच्या 7,200 ला महिना 600 दिले तर बारा महिने लागतील. माझा दुकानदार पहिल्या दिवशी नाराज झाला होता, पण बुडवणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा थोडे-थोडे फेडणारे त्यालाही बरेच.

लाइटबद्दल एक प्रश्न : तुमचे मीटर स्वतंत्र आहे का? महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या 100 युनिटांनंतरचा दर जवळजवळ दुप्पट आहे. एकाच मीटरवर दोन-तीन भाडेकरू असतील तर प्रत्येकाचा वापर कमी असूनही सगळे वरच्या दरात ढकलले जातात.

खडूफळा
मुलगी आठवीत आहे, यावर अजून कोणी बोललेले नाही, म्हणून लिहितो. शाळा सरकारी, महापालिकेची किंवा अनुदानित असेल तर तिला एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. सातवीत 55 टक्के गुण आणि पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत अशी अट आहे. त्यात तुम्ही बसता. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये तिच्या खात्यात जमा होतात. बुद्धिमत्ता चाचणी आणि शालेय विषय असे 90-90 प्रश्नांचे दोन पेपर असतात. अर्ज शाळेमार्फत भरला जातो, त्यामुळे तिला वर्गशिक्षकांना विचारायला सांगण्यापेक्षा तुम्ही स्वतः मुख्याध्यापकांना भेटा आणि उत्पन्नाचा दाखला आताच काढायला टाका.

शिकवणी बंद करू नका. ती चार महिने या परीक्षेच्या सरावाकडे वळवता येते का, ते शिकवणीच्या बाईंशी बोलून पाहा.

फॉलपिको
सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांत जे झाले ते लिहिते. स्लिपवर ईएसआयसीची कपात आहे आणि कुटुंबात फक्त माझे व मुलीचे नाव आहे. सासूबाईंचे नाही आणि मुलाचेही नाही. यजमान या आठवड्यात दोघांची आधार कार्डे टाइम ऑफिसात देणार आहेत. हिशेबनीस काकांनी सांगितल्याप्रमाणे गेल्या वर्षीचे आठवून लिहिले, ते 15,400 निघाले, म्हणजे महिना जवळजवळ तेराशे. हा आकडा बघून यजमान बराच वेळ काही बोलले नाहीत. गटाचे नऊ हप्ते उरले आहेत आणि ते संपल्यावर नवे कर्ज घ्यायचे नाही, असे आमचे ठरले आहे. निदान शेजारणींच्या समोर मी तसे बोलून तरी बसले आहे.

एकखणी ताई, मीटर तिघांत एकच निघाले. घरमालकांशी बोलणे व्हायचे आहे. दुकानदाराने 600 मान्य केले, फक्त वही माझ्यासमोर बंद करताना "बघा हं वहिनी" एवढे म्हणाला.

काकू, बरणीला दोरे बांधले. पहिल्या आठवड्याचा दोरा पाचव्या दिवशीच उघडा पडला. चटणी मी आजवर विकतचीच आणत होते; समोरच्या वहिनी निम्मी घ्यायला तयार आहेत, पण दोघींनाही मिरचीचे प्रमाण ठाऊक नाही. पोरांना फार तिखट चालत नाही.

मंगळवार पेठेतल्या काकू
पाचव्या दिवशी म्हणजे पहिल्या महिन्याला चांगलेच, माझा तिसऱ्या दिवशी उघडा पडला होता. मिरचीचे असे : दर किलोला पाऊण किलो ब्याडगी आणि पाव किलो लवंगी घ्या. रंग ब्याडगीचा येतो, तिखट लवंगीचे. पोरांसाठी लवंगी आणखी छटाकभर कमी करून तेवढी ब्याडगी वाढवली तरी चालते. देठे घरी बसून दोघींनी काढा, देठे काढलेली मिरची महाग पडते. आणि कांडपावर सकाळी पहिल्या नंबरला जा, नाहीतर आधीच्या बाईचा गरम मसाला तुमच्या चटणीत येईल.