बिशपच्या सोन्याच्या नाण्यावर संताच्या शेजारी पिंप का?

नाणेवेडा:
साल्झबुर्गचा (आजच्या ऑस्ट्रियातलं शहर) आर्चबिशप वोल्फ डीट्रिख, त्याच्या डुकाटचा, म्हणजे सोन्याच्या नाण्याचा, फोटो झूम करून बघतोय. एका बाजूला ढाल आणि वर गोंड्यांची टोपी, दुसऱ्या बाजूला दंड घेतलेला संत बसलाय नि शेजारी चक्क लाकडी पिंप! ते कसलं? आणि मुळात धर्मगुरूला सोन्याची नाणी पाडायचा हक्क आला कुठनं?

गोंडा_टोपी:
तो नुसता धर्मगुरू नव्हता, त्या मुलखाचा राजाच होता, कर घ्यायचा, न्यायनिवाडा करायचा. नाणी पाडायचा हक्क साल्झबुर्गला सम्राट तिसऱ्या ओटोनं ९९६ मध्येच दिलेला, आणि सोनं घरचंच, गास्टाइन आणि राउरिसच्या खाणीतलं. वजनात मात्र मनमानी चालायची नाही, डुकाट म्हणजे साधारण ३.४९ ग्रॅम आणि जवळजवळ शुद्ध सोनं. पिंप मिठाचं आहे, साल्झबुर्गचा रक्षक संत रूपर्ट, त्याची खूणच ती. साल्झ म्हणजे मीठ, गावाचं नावच त्यावरनं पडलंय.

जुनी_टांकसाळ:
यात धर्माचा भाग विसरू नका. १५८८ मध्ये याच वोल्फ डीट्रिखनं शहरातल्या प्रोटेस्टंटांना, म्हणजे पोपला न मानणाऱ्या ख्रिश्चनांना सांगितलं, कॅथलिक व्हा नाहीतर गाव सोडा. प्रोटेस्टंट संतांची पूजा मानत नव्हते, आणि हा सोन्यावर संत बसवतोय, त्यामुळे मला तरी ते नाणं म्हणजे हातोहात फिरणारी घोषणाच वाटते. त्याची मनोऱ्याची नाणी बघाच, खवळलेल्या समुद्रात मनोरा, चारी बाजूंनी वारे फुंकतायत आणि कडेनं लॅटिनमध्ये, प्रभूवर भरवसा आहे, मी डगमगणार नाही. फार देखणं काम आहे, मला त्याचा कंटाळाच येत नाही.

नाणेवेडा:
वा, मनोरा शोधतो आता. मग डगमगला का तो शेवटी?

जुनी_टांकसाळ:
हो ना, आणि तेही मिठावरून. शेजारच्या बव्हेरिया राज्याशी मिठाच्या व्यापाराचं भांडण पेटलं, यानं १६११ मध्ये शेजारचा बेर्ख्टेसगाडेन मुलूख घेतला, बव्हेरियाच्या ड्यूक मॅक्सिमिलियननं सैन्य घुसवलं, हा पळाला नि पकडला गेला. गादी सोडावी लागली, नातलग मार्कुस झिटिकुस गादीवर आला आणि १६१७ मध्ये वोल्फ डीट्रिख आपल्याच शहरावरच्या होहेनसाल्झबुर्ग किल्ल्यात कैदेत वारला. म्हणून ते पिंप परत एकदा नीट बघा.