आजी-आजोबा परदेशात : नातवंडांची हौस की बिनपगारी नोकरी?

नेकारकाठ

सध्या सगळ्यांच्या फोनवर एक पोस्ट फिरते आहे. कुणा निवृत्त काकांनी लिहिलेली. म्हणणं असं, की परदेशातली मुलं-सुना आईवडिलांना जग दाखवायच्या नावाखाली नेतात आणि पोहोचल्या पोहोचल्या त्यांच्या हातात तान्हं पोर आणि पोळपाट देतात. व्हिसा संपला की एक आजी विमानात बसते, दुसरी उतरते. आणि ज्यांना स्वतःची पोरं सांभाळता येत नाहीत त्यांनी ती होऊच देऊ नयेत. माझ्या सख्ख्या मावशीने ती मला "यावर विचार कर" असं लिहून पाठवली. विचार केला, आता उत्तर देते.

आम्ही जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो. मुलगी चारची, मुलगा दीडचा, नोकऱ्या दोघांच्या. इथे कायद्यात सगळं आहे. ऑगस्ट २०१३ पासून वर्ष पूर्ण केलेल्या प्रत्येक मुलाला किटात, म्हणजे इथल्या पाळणाघरात, जागा मिळण्याचा हक्क आहे. पण हक्क वेगळा आणि जागा वेगळी. गरोदर असतानाच नाव नोंदवा असं शेजारीण सांगते तेव्हा ती अनुभवाने सांगत असते. जागा मिळाल्यावरही सुरुवातीचे आठवडे आई किंवा बाप किटातच बसून राहतो. मग पाच मिनिटं बाहेर, मग अर्धा तास. मूल फार रडलं की पुन्हा मागे. पद्धत मला आवडते, मुलांना ती मानवते, पण नोकरीला ती मानवत नाही. हे सगळं पार पडेपर्यंत नोव्हेंबर उजाडतो. शेंबूड, कान, जुलाब, हातापायांवर फोड, एक गेलं की दुसरं. आजारी मुलासाठी सरकारी विम्यातून प्रत्येक पालकाला एका मुलामागे वर्षाला १५ दिवस मिळतात. दोन मुलं आळीपाळीने आजारी पडली की ते कसे उडतात ते ज्याचं त्याला ठाऊक. त्यात सकाळी सातला निरोप येतो : कर्मचारी आजारी आहेत, आज एक वाजता मूल घेऊन जा.

अशा घरात माझी आई येते. ती आली की माझ्या मुलीला मराठीत रुसता येतं, हट्ट करता येतो, खोटं बोलता येतं. आमच्या प्रश्नांना ती मराठीत उत्तरं देते, पण आजीला ती आपणहून गोष्टी सांगते. फोनच्या पडद्यावर हे होत नाही, तीन मिनिटांत ती उठून पळते. शेंगेनच्या नियमाने १८० दिवसांत ९० दिवस, त्यावर एक दिवस नाही. वर्षातले तेवढेच दिवस माझ्या मुलांना आजी असते. त्याला कुणी राबवणूक म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही.

निवृत्त_मास्तर

ताई, ती पोस्ट माझी नाही, पण तिच्यातली शेवटची ओळ सोडली तर बाकी मला पटते. आम्ही दोघं मुलाकडे फ्रँकफुर्टजवळ राहून आलो, ऐन हिवाळ्यात. सकाळी साडेसातला ती दोघं बाहेर पडत. मग दिवसभर आम्ही आणि ते लेकरू. साडेचारला अंधार. जिन्यात भेटणारा माणूस नमस्कार करतो आणि दार लावून घेतो. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारचा दिवस सामान भरण्यात. जग दाखवलं, नाही म्हणत नाही, ऱ्हाइन नदीतून बोटीने फिरवलं. बाकीचं जग आम्ही खिडकीतून पाहिलं.

मंडळींचा गुडघा आधीपासून दुखरा. लेकरू पंधरा वेळा उचलायचं, खाली ठेवायचं. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा घ्यावा लागतो, तो मुलाने घेतला. पण आमच्या विम्यात जुनं दुखणं बसत नव्हतं. परत येईपर्यंत हिने मुलाला गुडघ्याचं सांगितलं नाही.

तुम्ही तुमचे ९० दिवस मोजलेत. त्या ९० दिवसांत आमचं इथलं काय थांबतं ते कोण मोजणार? हिचं भजनी मंडळ, माझा सकाळचा कट्टा, ओळखीचे डॉक्टर. या वयात ते फुटकळ नसतं, त्यावरच दिवस उभा असतो.

डॅलसकर

जर्मनीवाल्यांनी निदान १५ दिवस आणि किटाचा हक्क तरी सांगितला. अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने १२ आठवडे रजा मिळते, तीही बिनपगारी, आणि तीही कंपनीत किमान ५० माणसं असतील आणि तुम्ही तिथे वर्षभर काम केलं असेल तरच. काही राज्यांनी वर स्वतःची पगारी रजा दिली आहे, टेक्सासने दिलेली नाही. बायको एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर गाशा गुंडाळा. माझे आईबाबा आणि मग सासू-सासरे आले नसते तर आम्ही आज इथे नसतो. मास्तर, आम्हाला हौस नाही हो. दुसरा रस्ता दाखवा, मी तो धरतो.

निवृत्त_मास्तर

रस्ता तुम्ही निवडलात. आम्ही निवडला नव्हता.

सांगलीची_आजी

मी बोलू का? इथे सगळे माझ्याबद्दल बोलताहेत.

मला मुलीने राबवलं नाही. मी हौसेने गेले, बाळंतिणीचे लाडू घेऊन गेले. पण तिथे मला कळेना की मी घरात कोण आहे. पहिले दहा दिवस रोज सुईण घरी यायची, विम्यातूनच. बाई गुणी, हात हलका. पण मी ओवा-वावडिंगाची धुरी केली आणि छतावरचं ते यंत्र असं केकाटलं की खालचा मजला वर आला. सुईण म्हणाली, बाळाच्या खोलीत धूर नको. मध चाटवू नका. दुपट्यात गुंडाळू नका, झोपायची पिशवी घाला. पालथं झोपवू नका. मुलगी प्रत्येक वेळी तिच्याकडे बघून मान हलवायची. मध आणि पालथं झोपवणं यांबद्दल त्यांचं बरोबर असेल, आमचे डॉक्टरही आता तेच सांगतात. पण दिवसभर बाळ माझ्या हातात, आणि त्याच्याबद्दल काही ठरवताना मात्र मला कोणी विचारत नाही, हे मला लागलं. काम सांगा, मी करते. पण माझं काही ऐकायचंच नसेल तर मग मी तिथे आया नाही तर कोण?

स्टॉकहोमकर

वरचं सगळं वाचलं. आजी आहे, आजोबा आहेत, आई आहे, सुईणसुद्धा आहे. बाप कुठे आहे?

स्वीडनमध्ये एका मुलामागे ४८० दिवस मिळतात, त्यातले ९० आईचे आणि ९० बापाचे राखीव. बापाने नाही घेतले तर ते बुडाले, आईला देता येत नाहीत. मी दोन्ही मुलांच्या वेळी घरी राहिलो. दुपारी बागेत बाबागाड्या ढकलणारे निम्मे तरी बाप असत. डिसेंबरात तीनच्या आत सूर्य मावळतो, तरीही बाहेर पडायचंच. माझी आई दोनदा येऊन गेली. ती पाहुणी म्हणून आली आणि पाहुणी म्हणूनच राहिली.

आणखी एक सांगतो. जुलै २०२४ पासून इथे पालक आपल्या रजेतले ४५ दिवसांपर्यंत दुसऱ्या कुणाला देऊ शकतात, आजी-आजोबांनाही. भारतातून पाहुण्या आलेल्या आजीला ते मिळत नाहीत, इथल्या विमाव्यवस्थेत असावं लागतं. पण मुद्दा असा, की एका देशाच्या सरकारने मान्य केलं की आजी नातवंड सांभाळते ते काम आहे आणि त्याचे पैसे होतात. आपण मात्र अजून ते प्रेमाच्या खात्यात टाकतो.

म्युनिकभाऊ

स्टॉकहोमकर, विषय काय आणि तुम्ही कुठे नेलात! तुमच्या देशाने दिलं, तुम्ही घेतलं, त्याचा मोठेपणा आम्हाला सांगू नका. इथे पालकरजेत निव्वळ पगाराच्या साधारण ६५ टक्के मिळतात आणि कमाल १,८०० युरो. म्युनिकमध्ये चार माणसांच्या घराचं भाडं काय आहे ते एकदा बघा, मग बाप कुठे आहे ते विचारा. बाप भाडं भरतो आहे. आणि मी बापाच्या वाट्याचे माझे दोन महिने घेतले होते, रजा घेणारे बहुतेक बाप घेतात तसे.

हिंजवडी_ते_कोथरूड

म्युनिकभाऊ, ते दोन महिने कुठे घालवलेत?

म्युनिकभाऊ

भारतात. मग? बाळ दाखवायला नको?

हिंजवडी_ते_कोथरूड

म्हणजे बापाच्या रजेतही बाळ आजीकडेच होतं.

तुमच्यावर राग नाही. माझ्या घरातही तेच आहे, आणि मी तर पुण्यातून बाहेरही पडलेले नाही. २०१७ पासून कायद्याने मला २६ आठवडे मिळाले, नवऱ्याला मात्र कंपनीने आपणहून जे काही दिवस दिले तेवढेच, कारण खासगी नोकरीत बापाला रजा द्यायचा कायदाच आपल्याकडे नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत निदान १५ दिवस असतात. तर माझी आई गेली काही वर्षं रोज सकाळी बस पकडून आमच्याकडे येते आणि रात्री परत जाते. तिचंही भजन बुडतं, तिचाही गुडघा दुखतो. तिच्यावर कुणी पोस्ट लिहीत नाही, कारण ती विमानाने येत नाही. परदेशातल्या मुलांना झोडपणं सोपं आहे हो. आपल्या गल्लीतल्या आज्या मोजा.

म्युनिकभाऊ

आईवडिलांना नातू भेटवला तर तेही चुकलं. नाही भेटवला असता तर निष्ठुर म्हणाला असतात. तुमच्यासारख्यांना काही केलं तरी पुरत नाही.

स्टॉकहोमकर

भेटवा ना, वर्षभरात कधीही भेटवा. ती रजा बापाने एकट्याने बाळ सांभाळावं म्हणून आहे. जर्मनीनेही हे ओळखलं आहे. एप्रिल २०२४ पासून जन्मलेल्या बाळांसाठी दोघांनी एकाच वेळी पूर्ण भत्ता घेऊन घरी बसणं एका महिन्यापुरतंच, तेही पहिल्या वर्षात. जुळी वगैरे असतील तर गोष्ट वेगळी. उरलेला महिना एकट्याने काढायचा. ताप आलेलं, दात येणारं, दिवसभर कडेवरून न उतरणारं मूल एकट्याने सांभाळलेल्या बापाला, सासूबाई आल्या की त्यांना काय करावं लागतं, हे सांगावं लागत नाही.

डॅलसकर

आणि ज्यांना एकही पगारी दिवस नाही ते बाप? तुम्ही दोघं जर्मनीची रजा की स्वीडनची रजा यावर भांडताय. माझा मुलगा जन्मला त्याच्या पुढच्या सोमवारी मी कामावर होतो. रात्री दोन ते पाच मीच जागायचो, कारण तेवढा वेळ माझा होता. बाप कुठे आहे, हा प्रश्न मला विचारलात तर मी चिडणारच.

स्टॉकहोमकर

तुम्हाला विचारलेला नव्हता. ज्यांना रजा आहे आणि घेत नाहीत त्यांना आहे. तुमचं वेगळं आहे, मानलं.

नेकारकाठ

धागा आजीचा होता, तो बाबागाडीत बसून स्टॉकहोमला गेला. आता परत आणते.

माझ्या नवऱ्याबद्दल मी लिहिलं नाही म्हणून तो नाही असं धरून चालू नका. मुलाच्या वेळी किटात ते आठवडे तोच बसला होता, लहान खुर्चीवर गुडघे मुडपून. तरीही आई हवीच होती. दोन माणसांच्या घरात दोघंही तापाने पडतात तेव्हा तिसरं कुणी नसतं. माहेर-सासर सोडा, किल्ली ठेवायला ओळखीची शेजारीण मिळायलाही इथे वर्षं जातात. बापाने सगळी रजा घेतली तरी ही जागा भरत नाही, आणि स्टॉकहोमकरांना हे दिसत नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

आजी, तुमचं वाचून मी आईला फोन केला. धुरीचं नाही, पण जेवण भरवण्यावरून आमचंही हेच चालतं. त्यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही. बाळाच्या सुरक्षिततेबद्दल मी ऐकणार नाही. बाकी बाबतीत ऐकायला हवं, एवढं मानते.

मास्तर, विम्याचं तुमचं खरं आहे. जुनं दुखणं असलेल्या माणसाला बोलावताना त्याचा विचार मुलांनीच करायला हवा. पण वहिनींनी गुडघ्याचं सांगितलंच नाही तर तुमच्या मुलाला कळणार कसं? न सांगता सोसायचं आणि मग राबवलं म्हणायचं, हे मला अन्यायाचं वाटतं.

निवृत्त_मास्तर

ताई, सांगितलं असतं तर त्याने रजा टाकून हिला डॉक्टरकडे नेलं असतं. म्हणजे आम्ही ज्या रजा वाचवायला गेलो होतो त्याच आमच्यापायी गेल्या असत्या. म्हणून नाही सांगितलं. यात अन्याय कुणी कुणावर केला ते तुम्ही ठरवा, मला ठरवता आलेलं नाही. मुलाला मी दोष देत नाही. पण त्याने एकदाही विचारलं नाही, हे मी विसरणार नाही.

हिंजवडीच्या ताईंचं म्हणणं मान्य. माझी स्वतःची बहीण कोल्हापुरात तेच करते आणि मी कधी त्यावर बोललेलो नाही.

म्युनिकभाऊ

मास्तर, तुमच्या मुलाच्या जागी मी असतो तर मला हे इथे वाचण्यापेक्षा तोंडावर ऐकायला आवडलं असतं. एवढंच बोलतो.

सांगलीची_आजी

मी सप्टेंबरात पुन्हा जाणार आहे, धाकटीकडे, नेदरलँड्समध्ये. या वेळी तिकिटाच्या आधी तिला सांगून ठेवलंय. बुधवारी मी बाळाला हात लावणार नाही, ट्राम घेऊन फिरायला जाणार, एकटी. वाट चुकले तर चुकले. आणि बाळाचं काही ठरवायचं असेल तर माझ्यासमोर ठरवा, मग भले माझं ऐकू नका. मुलगी हो म्हणाली. जावयांचं मत बुधवारबद्दल अजून पडलेलं नाही, त्यांची ऑफिसची मीटिंग त्याच दिवशी असते.

मास्तर, वहिनींचा गुडघा दाखवलात का?